दोन वीत कमी

थाटीपुर, ग्वाल्हेर
८ मे २०२४

प्रिय मधुवन्सं,

"पायांना विचारू नकोस, दोरीला विचार." अकरा वर्षांच्या अश्लेषाला तुम्ही हे सांगितलंत तेव्हा मी मैदानाच्या कट्ट्यावर पाण्याची बाटली धरून बसले होते. पोल घेऊन ती धावत यायची आणि जमिनीतल्या त्या पेटीत पोल रोवायच्या क्षणी तिचं पाऊल चुकायचं. रडत म्हणाली, "आत्या, माझे पायच तसे आहेत." तुम्ही दोरीचं कडी असलेलं टोक पेटीच्या मागच्या भिंतीला लावलंत, दोरी ताणून दुसऱ्या टोकाच्या गाठीपाशी तिला उभं केलंत आणि तिला ते वाक्य ऐकवलंत. त्या दिवशी तिनं पहिल्यांदा गादीवर पाठ टेकली आणि आभाळाकडे बघून हसत राहिली.

आज सकाळपासून तेच आठवतंय, कारण घर रिकामं आहे. अश्लेषा काल संध्याकाळी दिल्लीला गेली. तिथून संघाबरोबर ताश्कंद. चौदा तारखेला बांबूउडी. मामंजी व्हरांड्यातून म्हणाले, "उडी मारायला विमानानं कशाला जायचं, आपली गच्ची काय वाईट आहे?" ती म्हणाली, "आजोबा, तिथे गादी असते." ते हसले. तेवीस वर्षांपूर्वी तुम्हाला जाऊ दिलं नाही ते त्यांच्या ध्यानात तरी आहे का, कोण जाणे.

संघाच्या यादीत कोच म्हणून तुमचं नाव नाही, याचं मला तिच्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. पण तुम्ही सुट्टी काढून चार दिवस आलात. तिची धाव दोन पावलांनी वाढवलीत, नवीन दोरी केलीत, दोन दिवस तिच्याकडून घटवून घेतलंत आणि रविवारच्या गाडीनं परतलात.

सोमवारी मी तिची बॅग भरली. घरातून कुणी मोठ्या कामाला निघालं की त्या कामाची वस्तू देवापुढे ठेवायची, ही सासूबाईंची रीत. पोल तर आधीच पुढे गेलेले, आणि देव्हाऱ्यात मावणार तरी कसे. मग दोरी घेतली. ती लाल मातीनं भरलेली, वर कुणाच्या तरी बुटाचा ठसा. तशी कशी देवापुढे ठेवायची? तुम्हीही नवी दोरी आणली की ती बादलीत भिजत घालता, मी दर वेळी पाहिलंय. या वेळी तुम्हाला सवड झाली नाही, म्हणून मी घातली. साबणानं स्वच्छ धुतली, गच्चीवर वाळवली. या उन्हात दोन तासांत कडकडीत. हळदकुंकू लावून, गुंडाळून बॅगेत ठेवली. अश्लेषाला सांगितलं नाही. देवाचं नाव काढलं की तिचं "आई, प्लीज" सुरू होतं.

तुमच्या क्रीडा-वसतिगृहात फोन लागत नाही. रविवारी तुम्ही पाण्याच्या टाकीवर चढून बोलता, तेवढ्यात निम्मी वाक्यं वारा नेतो. म्हणून लिहिते. मिरजेहून या घरात आले तेव्हा माझ्या हिंदीला सगळे हसायचे, तुम्ही सोडून. ते मी विसरलेले नाही. चौदाला तुम्हीही देवाजवळ दिवा लावा. देव मानत नाही म्हणता, तरी लावा.

तुमची
सीमंतिनी


बैतूल
१६ मे २०२४

सीमंतिनी,

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. निकाल त्याच्या आदल्या संध्याकाळी मी टाकीवरून फोन केला तेव्हा तुझ्या नवऱ्यानं, राघवनं सांगितला. पत्र दोनदा वाचलं. मुली मैदानावर उभ्या राहून वाट बघत होत्या, तरी मी खोलीतच बसून राहिले.

एक बात सांगायची आहे, ती नीट ऐक. चूक माझी आहे. शनिवारी संध्याकाळी प्रॅक्टिस संपल्यावर मी दोरीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. मला वाटलं थोडी सरकवावी. घाई होती, अंधारून आलं होतं. चुकीच्या जागी बांधली गेली. अश्लेषाला हे असंच सांग. राघवलाही सांग. दादांना, तुझ्या मामंजींना नको, ते म्हणतील मी आधीच म्हटलं होतं.

तिच्या घोट्याच्या एक्स-रेचं काय ते राघव सांगेलच. डॉक्टर चांगला बघा. इंदरगंजच्या तुझ्या ऑफिसातल्या त्या बाईंचा दीर हाडांचा आहे म्हणत होतीस ना, त्याला दाखवा.

दोरी मला पोस्टानं पाठवून दे. ती तिच्या डोळ्यांसमोर नको. कुणाला दाखवत बसू नकोस. तू जेवत जा, खामखा स्वतःला त्रास करून घेऊ नकोस.

मधु


थाटीपुर
२ जून २०२४

आत्या,

आई म्हणाली फोन कर. मला तुझा आवाज ऐकायचा नाही, म्हणून लिहिते. मराठीत लिहायची आदत नाही, चुका झाल्या तर झाल्या.

तुला सगळं माहीत पाहिजे म्हणून सांगते. सुरुवातीची उंची होती तीन मीटर सत्तर. ती मी बुखार असताना पण काढलेली आहे, तू बघितलंय. वॉर्मअपमध्येच मला वाटलं की पेटी लवकर येतेय. पोल रोवताना मी त्याच्या खाली घुसत होते. रनवेच्या कडेला आकडे लिहिलेले असतात. माझी खूण जिथे आली तिथला आकडा मला कमी वाटला. पण तूच सांगितलेलं, आकडे कुठल्या कडेपासून लिहिलेत ते ठाऊक नसतं, दोरी मात्र मागच्या भिंतीला टेकते. तिथल्या एका परदेशी कोचनी मला हातानं दाखवलं, मागे जा, मागे जा. मी मान हलवून नाही म्हटलं. हसले पण त्यांच्याकडे बघून. मनात म्हटलं, इनको क्या पता.

पहिली उडी, दांडी छातीनं पाडली. दुसरी, वर पोचलेच नाही. तिसऱ्या वेळी पाय ओरडून सांगत होते की अर्धा मीटर मागे हो. मी खाली वाकून दोरी परत लावली. तीच जागा आली. पायांना नाही विचारलं. पोल उभाच झाला नाही, मला घेऊन उलटा आला. मी गादीवर नाही पडले आत्या, रनवेवर पडले.

निकालाच्या कागदावर माझ्या नावासमोर उंचीच नाही. शेवटची पण नाही मी. शेवटची येणारीला काहीतरी उंची असते.

तुला एक गाठ नीट बांधता आली नाही? इतकी क्या जल्दी थी? कधी वाटतं, तुला कुणी जाऊ दिलं नव्हतं, म्हणून मी पण... जाऊ दे. नाही लिहीत.

माझे बूट मी मैदानावरच्या सोनिकाला दिले. तिला एक नंबर मोठे होतात. कापूस भरून घालते.

अश्लेषा


थाटीपुर
१२ जून २०२४

मधुवन्सं,

तिनं तुम्हाला काय लिहिलं ते मला दाखवलं नाही. पाकीट चिकटवून माझ्या हातात दिलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

प्लास्टर अजून पाच आठवडे. डॉक्टर भले गृहस्थ आहेत. म्हणाले, "चलेगी, आगे चलकर दौड़ भी लेगी. पोल वॉल्ट अब भूल जाइए." अश्लेषानं विचारलं, "किती दिवस भूलू?" ते राघवकडे बघत राहिले. राघव टेबलावरच्या हाडांच्या प्लास्टिकच्या पावलाकडे. संघाच्या शिबिरातून तिला एक पत्र आलंय, तिच्या जागी दुसरी मुलगी घेतल्याचं. त्यात शुभेच्छाही आहेत.

ती सकाळी स्टूलवर पाय ठेवून बसते, ती दुपारी तिथेच असते. जेवायला हाक मारली की "भूख नाही." परवा मी तिचे केस विंचरत होते. तिनं विंचरू दिले. अकरा वर्षांची असतानाही नसतील दिले. मला रडू आवरेना, म्हणून तेलाची बाटली आणायचं निमित्त करून आत गेले.

आता जे लिहिणार आहे ते लिहू नये, हे मला कळतंय. मी तुमच्यावर कधी रागावले नाही. या घरात माझं माणूस म्हणून मी आधी तुम्हाला ओळखलं, राघवला नंतर. पण तुमच्या त्या चार ओळी वाचून मला वाटलं, एवढंच? घाई होती, अंधार होता? दहा वर्षं ती पोरगी तुमच्या दोरीवर डोळे मिटून उभी राहिली. तुम्हाला स्वतःचं मूल असतं तर ती गाठ तुम्ही दोनदा तपासली असती.

दोरी तिच्या बॅगेत आहे. बॅग ती कुणाला उघडू देत नाही. जमेल तेव्हा पाठवते.

सीमंतिनी


थाटीपुर
५ जुलै २०२४

मधुवन्सं,

माझ्या पत्राला तुमचं उत्तर आलं नाही. यायला नकोच होतं.

काल अश्लेषाला घेऊन राघव प्लास्टर बघायला गेला होता. मी बॅग उघडली. दोरी काढली. मग आठवलं की तुम्ही नेहमी दोन करता, एक हरवली तर असावी म्हणून. दुसरी तुमच्या लोखंडी पेटीत होती. म्हटलं, दोन्ही एकदमच पाठवू, घरात एकही नको.

गुंडाळी नीट व्हावी म्हणून गच्चीवर गेले. आपल्या ब्लॉकची गच्ची या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग आहे, पापड घालायला भांडणं होतात ती. दोन्हींच्या कड्या पाण्याच्या टाकीच्या पायाला अडकवल्या आणि दोन्ही दोऱ्या शेजारी शेजारी ताणत शेवटपर्यंत गेले. पेटीतल्या दोरीच्या गाठीपाशी पोचले तेव्हा दुसरीची गाठ मागेच राहिली होती. मला वाटलं, कुठे अडकली. परत जाऊन पाहिलं. पुन्हा ताणली. मग वीत टाकून मोजलं. एक वीत, आणि आणखी एक.

दोन्ही गाठींत तुमच्या हातचा लाल दोरा आहे, दोन्हींत तीन वेढे. सोडून बांधलेली गाठ कशी दिसते ते मला कळतं, मी आयुष्यभर परकरांच्या नाड्या ओवल्यात. ती गाठ कुणी सोडलेली नव्हती. आणि वन्सं, त्या दोन्ही दोऱ्या तुम्ही दुहेरी धरून, एकत्र मोजून, एकत्र कापल्या होत्या. शुक्रवारी सकाळी, व्हरांड्यात. कडीकडचं टोक माझ्याच हातात होतं. तुम्ही म्हणालात, "सोडू नकोस हं, नाहीतर पोरगी तुझ्या नावानं पडेल." आपण दोघी हसलो होतो.

एकीला पाणी लागलं नाही. एकीला मी लावलं.

मी उन्हात किती वेळ बसले होते आठवत नाही. खालच्या उषाताई वाळवण उचलायला आल्या, म्हणाल्या, "काय हो, चक्कर आली का?" मी म्हटलं, हो.

तुम्हाला हे पंधरा मेपासून माहीत आहे. माझं पहिलं पत्र तुमच्या हातात पडलं, त्यात मीच कौतुकानं सगळं लिहिलं होतं, साबणासकट. ते दोनदा वाचून तुम्ही गाठ सोडल्याची गोष्ट रचलीत. आणि मी तुम्हाला उलट काय लिहिलं? ते वाक्य मला आता पाठ आहे. भाजी चिरताना येतं, ऑफिसात शिक्का मारताना येतं.

अश्लेषाच्या खोलीच्या दारापर्यंत दोनदा गेले आणि परतले. सांगणार आहे. फक्त कसं, ते तुम्ही सांगा.

सीमंतिनी


बैतूल
१५ जुलै २०२४

सीमंतिनी,

सांगू नकोस.

मला वाटलं होतं तू दोरी पोस्टात टाकशील आणि विषय संपेल. दुसरी पेटीत आहे हे मीच विसरले. म्हातारी होत चालले आहे.

आधी एक गोष्ट साफ करते. मी पूर्ण खोटं नाही लिहिलं. सुती दोरी पहिल्या पाण्यात आटते. म्हणून मी नवी दोरी आधी भिजवते, वाळवते, मग मोजते. तू बादली बघायचीस ती त्यासाठी. तुला वाटलं मी देवासाठी धुते. मी तुला कधी सांगितलं नाही, तू कधी विचारलं नाहीस. या वेळी दोनच दिवस होते, तर मी कोरीच मोजली. म्हटलं, गर्मीचे दिवस आहेत, पाणी कुठून लागणार. म्हणजे घाई मी केलीच होती. तुझ्या हिश्श्याला फक्त बादली येते.

आता दुसरं. तू या घरात आलीस त्याच्या आधीची गोष्ट आहे. २००१ मध्ये परदेशी जाणाऱ्या संघात माझं नाव लागलं होतं. सगळे समजतात दादांनी मना केलं. दादा तर चार दिवस ओरडून थकले होते, गेले असते मी. जायच्या दिवशी पासपोर्ट मिळेना. सारा घर उलटा केला. गाडी गेली. आठ दिवसांनी तो आईच्या पातळांच्या खाली सापडला. ती म्हणाली, "तुझ्या भल्यासाठी." त्यानंतर ती सोळा वर्षं होती. तिच्या हातचं मी रोज जेवले. शेवटचं आजारपण काढलं, तिला आंघोळ घातली. पण तिच्याशी बोलले नाही. जे बोलायचं ते कधीच नाही. तिला ते कळत होतं. ती दारात उभी राहायची, तू जशी आता राहते आहेस.

तू केलंस ते वेगळं आहे, हे मला कळतं. एकवीस वर्षांच्या पोरीला, पाय प्लास्टरमध्ये असताना, नाही कळणार. तिला कुणाचा तरी राग करायचा आहे. माझा करू दे. मी जवळजवळ सहाशे किलोमीटर दूर आहे, तिला माझं तोंड बघावं लागत नाही. आत्या नसली तर पोरीचं काही अडत नाही. तुझ्या हातचं तिला रोज खायचं आहे.

तुझं ते एक वाक्य. मी ते पत्र फाडलं नाही. परत वाचणार पण नाही.

दोन्ही दोऱ्या जाळून टाक.

मधु


थाटीपुर
४ ऑगस्ट २०२४

प्रिय मधुवन्सं,

मी सांगितलं.

तुमचं ऐकून दहा-बारा दिवस गप्प राहिले. रोज ताट वाढायचे, ती दोन घास खायची आणि म्हणायची, "आई, तूच एक आहेस." मला ते घास बघवेनात. परवा राघव कामावर गेल्यावर दोन्ही दोऱ्या घेऊन तिच्या पलंगावर बसले. बादलीपासून हळदकुंकवापर्यंत सगळं सांगितलं. गच्चीवर चल म्हटलं. प्लास्टर निघालंय, काठी घेऊन जिना चढते. तिच्यासमोर दोन्ही ताणल्या.

तिनं काठीच्या टोकानं त्या दोन विती मोजल्यासारखं केलं. मग म्हणाली, "हां, तर दोन वेगवेगळ्या झाल्या ना. म्हणजे आत्यानं एकही नीट मोजली नाही."

मी म्हटलं, दुहेरी धरून कापल्या, टोक मी धरलं होतं. ती म्हणाली, "आई, तू नेहमी तिला वाचवतेस. तिनं स्वतः लिहून दिलंय की गाठ तिनं सरकवली. तू दोरी आता धुवून आणलीस काय, मला काय माहीत." मी तिचा हात धरला. तिनं सोडवला नाही. माझ्या हातावर थोपटलं, जसं आजारी माणसाला थोपटतात. "तू टेन्शन घेऊ नकोस. तुझ्यावर कोण रागावेल."

वन्सं, मला वाटलं होतं ती किंचाळेल, बोलणं टाकेल. त्याची तयारी करून गेले होते. याची नव्हती. आता ती माझ्याशी फार प्रेमानं वागते. काल तिनं स्वतःहून माझ्यासाठी चहा केला, एका पायावर उभं राहून. तो मी प्याले.

आणखी एक. संध्याकाळी ती खिडकीतून खालच्या मुलांचं क्रिकेट बघत होती. एकटीच म्हणाली, "मेरे पैर सही बोल रहे थे." मी विचारलं, काय गं? "काही नाही. उस दिन पाय खरं सांगत होते, मी ऐकलं नाही. आता कुणाचंच ऐकत नाही मी." तिला ती दहा वर्षंच खोटी वाटायला लागली आहेत. तुम्ही चुकलात असं समजून तिनं फक्त तुम्हाला नाही टाकलं, गादीवर पडून हसलेल्या त्या मुलीलाही टाकलंय. घोटा गेला तो माझ्यामुळे. हे मात्र आपल्या दोघींच्या गप्प बसण्यानं जातंय.

राघवसाठी तुम्ही पाठवलेली राखी मिळाली. पाकिटावर तुमचं अक्षर बघून अश्लेषा आत गेली.

तुम्ही म्हणालात त्या दोऱ्या मी जाळल्या नाहीत. तुमच्या पेटीत ठेवल्या आहेत, वेगवेगळ्या गुंडाळून, मध्ये वर्तमानपत्र घालून.

माझं ती ऐकणार नाही. तुमचं अक्षर ती ओळखते. या पत्रासोबत एक पोस्टकार्ड पाठवते आहे. पत्त्याच्या जागी अश्लेषाचं नाव मीच लिहिलंय, मागची बाजू कोरी आहे. तिथे माफी लिहू नका, समजावू नका, सासूबाईंचं तर काहीच नको. एकच ओळ लिहा, "दोरी बरोबर होती." बाकी ती मला विचारेल, आणि मग तिला माझ्याशी जसं वागायचं तसं वागू दे.

सासूबाईंच्या दारात उभं राहण्याचं तुम्ही लिहिलंत. मला ते चालेल, वन्सं. हा चहा नाही चालत.

तुम्ही लिहिणार नाही, मला माहीत आहे. कार्ड उशीखाली ठेवाल, किंवा तुमच्या मुलींपैकी कुणाला तरी घरी लिहायला देऊन टाकाल, वर माझ्या हातचं नाव खोडून. तरी विचारते. ती एक ओळ लिहाल का?

तुमची
सीमंतिनी